हिंजवडीतली सुशी: 'मासा ताजा आहे का?' एवढं विचारून भागत नाही

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा कॉल म्यूटवर टाकून गुपचूप वाचायचं असतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय दुपारचं जेवण. डबा नाही, कॅन्टीन नाही, टपरीवरची मिसळही नाही. ऑफिसच्या तासाभराच्या सुट्टीत जपानी रेस्टॉरंटमध्ये जाऊन मासे खाणं, आणि त्यातले काही चक्क कच्चे खाणं.

आधी जागा सांगते. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे इथे रोज पंच करणाऱ्या कित्येकांना माहीतच नसतं. तालुक्याचं ठिकाण पौड. पश्चिमेला धरण, भातखाचरं आणि घाट, आणि पूर्वेच्या टोकाला राजीव गांधी इन्फोटेक पार्क. समुद्र घाटाखाली. मुंबईचा मासळीचा धक्का इथून साधारण दीडशे किलोमीटर, रत्नागिरी त्याच्या दुप्पट.

मग इथे जपानी जेवण आलं कुठून? चाकण आणि रांजणगावला जपानी कंपन्या आहेत. पुण्यात जपानी भाषा शिकणारे भरपूर. आयटी पार्कात जपानी क्लायंटची कामं चालतात आणि त्यासाठी 'ब्रिज इंजिनिअर' नावाची नोकरीच असते, म्हणजे अर्धं काम कोडचं, अर्धं भाषेचं. जिथे क्लायंट येतो तिथे त्याच्या जेवणाचीही सोय होते, आणि मग आपणही डोकावतो.

माझ्या टीममध्ये मालवणचा एक मित्र आहे. टीम लंचसाठी अशा ठिकाणी जायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, "समुद्र सोडून एवढा लांब आलेला मासा मी शिजवूनसुद्धा दोनदा विचार करून खातो. तुम्ही तो कच्चा खाणार?" सगळे हसले. पण त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि आजचा एपिसोड म्हणजे त्याचंच उत्तर.

ताटात काय काय असतं

जपानमध्ये दुपारच्या जेवणात 'तेइशोकु' हा प्रकार सर्रास मिळतो. सोपं करून सांगायचं तर थाळी. भात, एक मुख्य पदार्थ, मिसो सूप, थोडं लोणचं. दुसरा प्रकार 'दोन', म्हणजे वाडगाभर भात आणि त्यावर सगळं रचलेलं. भातावर माशाचे कच्चे तुकडे असतील तर ते 'काइसेन-दोन'.

शब्दांचा एक गोंधळ इथेच मिटवू. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात आणि त्याच्यासोबत काहीतरी. ते काहीतरी काकडीही असू शकतं. भाताशिवाय नुसते कच्चे काप असतील तर ते साशिमी. सुशीतलीही बरीच मंडळी शिजवलेली असतात. कोळंबी बहुतेक वेळा उकडलेली, उनागी म्हणजे गोड्या पाण्यातला वाम भाजलेला, आणि तेम्पुरा तर तळलेलाच. तेम्पुराचं तंत्र सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून जपानला गेलं असं मानतात. त्यांची आशियातली राजधानी गोवा होती, तेव्हा हा पदार्थ आपल्याला तसा अगदीच परका नाही.

थोडक्यात, मेन्यूतला निम्मा भाग असा आहे की तिथे 'कच्चं' हा प्रश्नच येत नाही. आता उरलेल्या निम्म्याकडे वळू.

'ताजा' म्हणजे काय?

आपल्याकडे मासा घेण्याची एक पद्धत आहे. डोळे चकचकीत हवेत, कल्ले उचलून बघायचे, ते लाल हवेत, बोटाने दाबल्यावर खड्डा राहता कामा नये. पुण्यात गणेश पेठेत जा नाहीतर मालवणच्या लिलावाला, परीक्षा हीच. आणि शिजवून खायच्या माशासाठी ती उत्तम आहे.

पण ही परीक्षा एक गोष्ट सांगू शकत नाही. माशाच्या मांसात जंत आहेत का? समुद्रातल्या अनेक माशांमध्ये अनिसाकिस नावाच्या जंताच्या अळ्या असतात. दोन-तीन सेंटिमीटर लांब, पांढरट, धाग्यासारख्या. देवमासा किंवा सील यांच्या पोटात हा जंत वाढतो, त्याची अंडी पाण्यात पडतात, तिथून छोटे जीव, मग मासे अशी साखळी. माणूस त्यात चुकून येतो. जिवंत अळी पोटात गेली तर ती जठराच्या आतल्या अस्तरात घुसायला बघते आणि काही तासांत भयंकर पोटदुखी होते. जपानमध्ये डॉक्टर एंडोस्कोप घालून ती चिमट्याने काढतात.

गंमत अशी की नुकताच पकडलेला, डोळे चमकणारा, कल्ले लालभडक असलेला मासासुद्धा या परीक्षेत नापास होऊ शकतो. मीठ, व्हिनेगर, वसाबी यांचं जेवणात घेतो तेवढं प्रमाण या अळ्यांना पुरत नाही. त्यांना मारण्याचे खात्रीचे उपाय दोनच: नीट शिजवणं किंवा नीट गोठवणं.

नीट म्हणजे किती? अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात सात दिवस. किंवा उणे ३५ अंशांवर कडक गोठवून तिथेच पंधरा तास. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा साधारण उणे १८ च्या आसपास असतो, दार उघडलं की तोही वर जातो. त्यामुळे बाजारातून सुरमई आणली, दोन दिवस फ्रीजरमध्ये टाकली आणि साशिमी केली, असं करू नका.

म्हणजे उलटंच झालं बघा. आपण 'फ्रोझन' ऐकलं की नाक मुरडतो. कच्च्या माशाच्या बाबतीत मात्र 'हा आधी नीट गोठवला होता' हे वाक्य ऐकून जिवात जीव यायला हवा.

साल्मनचं काय?

हिंजवडीत सुशी मागवली की नारिंगी रंगाचा साल्मन हमखास येतो. तो आपल्या समुद्रात राहत नाही. मेन्यूवर 'इंडियन साल्मन' लिहिलेलं दिसलं तर तो बहुतेक आपला रावस. रावस सुंदर मासा आहे, पण साल्मनच्या कुळातलाही नाही. दोन्हींची गल्लत करू नका, विशेषतः कच्चं खाताना.

खरा साल्मन, म्हणजे अटलांटिक साल्मन, मुख्यतः नॉर्वेसारख्या देशांत समुद्रातल्या जाळ्यांमध्ये वाढवतात. तो गोळीबंद खाद्य खातो, जंत असलेले जिवंत जीव फारसे खात नाही, म्हणून त्याच्यात अनिसाकिस असण्याची शक्यता अगदी कमी. म्हणूनच अशा शेतीतल्या साल्मनला युरोप-अमेरिकेत गोठवण्याच्या सक्तीतून सूट मिळू शकते.

साल्मन सुशी ही जपानची जुनी परंपरा आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. जपानी लोक पॅसिफिकमधला साल्मन भाजून, खारवून खात, कारण त्यात जंत असतात हे त्यांना ठाऊक होतं. १९८० च्या दशकात नॉर्वेकडे शेतीतला साल्मन जास्त होऊ लागला. तेव्हा त्यांनी जपानमध्ये मोहीमच काढली: आमचा मासा वेगळा आहे, कच्चा खाऊन बघा. पटायला बरीच वर्षं गेली. आज तोच जगभर सुशीचा चेहरा झालाय.

गोठवल्याने काय होत नाही

आता दुसरी बाजू. गोठवल्याने जंत मरतात. जिवाणू बहुतेक वेळा मरत नाहीत, फक्त झोपतात. तापमान वाढलं की पुन्हा कामाला लागतात.

कुपा, म्हणजे ट्यूना, आणि बांगडा या माशांमध्ये हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा काही तास उबदार राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत ते दोनेक तासांत चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी आहे. खरं म्हणजे ते वाटेत झालेलं दुर्लक्ष असतं.

आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर इथे रोलबॅक नाही. बोटीपासून तुमच्या ताटापर्यंत थंडाव्याची साखळी एकदा जरी तुटली, तरी पुढचं सगळं कितीही काटेकोर असू दे, मागचं पुसलं जात नाही. मुंबई असो, विमानतळ असो की वाकडच्या चौकात अडकलेला टेम्पो, प्रत्येक टप्पा थंडच राहायला हवा.

ट्यूनाच्या रंगावरही जाऊ नका. ट्यूनाचं लाल मांस हवेने हळूहळू तपकिरी पडतं, साध्या फ्रीजरमध्येसुद्धा. म्हणून जपानमध्ये चांगला ट्यूना उणे ६० अंशांच्या आसपास ठेवतात. स्वस्तातला उपाय म्हणजे मांसाला कार्बन मोनॉक्साइड लावणं. मग ते दिवसेंदिवस गुलाबी दिसतं, आत काय चाललंय ते कळत नाही. जपान आणि युरोपीय संघात याला परवानगी नाही. तुकडा टरबुजासारखा एकसारखा गुलाबी दिसला तर तो ताजेपणाचा पुरावा मानू नका.

भात: इथे मुळशी-मावळ कामाला येतं

सुशीतला अवघड भाग मासा नाही, भात आहे असं जपानी आचारी म्हणतात. इथेही एक विज्ञान आहे. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढू शकतो. शिळ्या भाताने पोट बिघडतं ते बहुतेक त्याच्यामुळे. सुशीचा भात मात्र बाहेरच ठेवावा लागतो, कारण फ्रीजमध्ये तो कडक होतो. त्याला वाचवतं ते व्हिनेगर. आम्लता पुरेशी असली की जिवाणू वाढत नाहीत.

मुळात सुशीचा जन्मच टिकवण्यातून झाला. जुन्या काळी मासा खारवून भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवत, मग मासा खात आणि भात टाकून देत. बिवा तळ्याकाठी 'फुनाझुशी' आजही तशीच करतात. भातावर माशाचा काप ठेवून हातात देण्याची पद्धत एदो, म्हणजे आजच्या तोक्योत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. ते तेव्हाचं फास्ट फूड. फ्रीज नव्हते, म्हणून तो मासासुद्धा सोया सॉसमध्ये मुरवलेला, व्हिनेगरमध्ये ठेवलेला किंवा उकडलेला असायचा.

भात चिकट हवा, कारण गोळा सुटता कामा नये. तांदळात अमायलोज कमी असलं की भात चिकट होतो. बासमतीत ते जास्त, म्हणून दाणे मोकळे. आणि आपली इंद्रायणी? मऊ, चिकट. ती वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झाली आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हातात आली. मुळशी-मावळच्या खाचरांत ती सगळीकडे दिसते. मी घरी काकडी आणि अंड्याची सुशी इंद्रायणीवर करून बघितली आहे. गोळा छान धरतो. फक्त जपानी तांदळापेक्षा पाणी कमी घालायचं, आणि आंबेमोहराकडून आलेला हलका वास येतो, जो मला तरी आवडतो. जपानी आचाऱ्याला कदाचित नाही आवडणार.

खेकड्याची कांडी रत्नागिरीची

कॅलिफोर्निया रोल मागवला की आत पांढरी आणि वरून लालसर कांडी असते. नाव 'क्रॅब स्टिक', पण त्यात खेकडा नावापुरता, बरेचदा फक्त वासापुरता. ती असते सुरिमीची.

सुरिमी म्हणजे माशाचं मांस वाटून, थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन उरलेली शुद्ध प्रथिनांची लगदी. धुतल्याने चरबी, रक्त आणि वास निघून जातो. मग त्यात थोडी साखर घालून गोठवतात, म्हणजे बर्फात प्रथिनं खराब होत नाहीत. साखरेची ही युक्ती १९६० च्या सुमारास जपानमधल्या होक्काइदोत सापडली आणि एका स्थानिक पदार्थाचा जागतिक उद्योग झाला.

त्या उद्योगातलं एक मोठं नाव रत्नागिरीत आहे: गद्रे मरीन. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात राणी मासा भरपूर येतो. गुलाबी, लहान, काटेरी. बाजारात त्याला सुरमई-पापलेटचा मान नाही. पण सुरिमीला तो उत्तम. आणि त्याचं शास्त्रीय नाव काय, तर नेमिप्टेरस जॅपोनिकस. नावातच जपान! म्हणजे हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत 'जपानी' म्हणून खाल्लेली कांडी मुळात कोकणातल्या राणी माशाची असू शकते. शिवाय ती शिजवलेली असते. कच्चं नको असेल तर ही सुरक्षित सुरुवात. फक्त तिच्यात बरेचदा अंड्याचा पांढरा बलक आणि गहू असतो, ॲलर्जी असेल तर आधी विचारा.

हिरवा गोळा आणि साधं दिसणारं सूप

ताटाच्या कडेला असलेला हिरवा गोळा पहिल्यांदा खाणाऱ्याला रडवतो. खरी वसाबी ही थंड वाहत्या पाण्यात वाढणारी महागडी वनस्पती आहे. आपल्याला मिळते ती बहुतेक हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची पूड, मोहरी आणि हिरवा रंग. झणका मात्र तोच, कारण रसायन तेच. आजीने लोणच्यासाठी मोहरी फेसली की जो वास नाकातून थेट मेंदूत जायचा, तो आठवा. दाणा फुटून पाण्याशी गाठ पडली की ते तिखट द्रव्य तयार होतं. फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा ते होत नाही, कारण उष्णतेने ते घडवणारं एन्झाइमच निकामी होतं.

आणि शाकाहारी मंडळींनो, मिसो सूपकडे लक्ष द्या. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, ते चालेल. पण सूपचं पाणी, ज्याला 'दाशी' म्हणतात, ते बरेचदा वाळवलेल्या ट्यूनाच्या किसापासून करतात. सोडे घातलेली आमटी जशी शाकाहारी नाही, तसंच हे. फक्त कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी असेल तर चालेल. वरून बघून ओळखता येत नाही, विचारावंच लागतं.

मग विचारायचं काय?

मी बसण्यापूर्वी विचारते ते प्रश्न असे:

१. कच्चा मासा कुठला, आणि तो गोठवलेला आहे का? 'आजच आला, एकदम फ्रेश' एवढंच उत्तर पुरेसं नाही. शेतीतला साल्मन की समुद्रातला मासा, आणि समुद्रातला असेल तर किती तापमानात गोठवला, हे त्यांना सांगता यायला हवं.

२. 'सुशी ग्रेड' म्हणजे तुमच्याकडे नक्की काय? या शब्दाला अमेरिकेतसुद्धा कायदेशीर व्याख्या नाही. तो विक्रेत्याचा शब्द आहे, शिक्का नाही.

३. गोठवलेला मासा वितळवता कुठे? उत्तर 'फ्रीजमध्ये' असायला हवं, ओट्यावर नाही.

४. सूपमध्ये मासा आहे का, कांडीत अंडं आहे का?

भिंतीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तोही बघा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात काही काळ यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी 'कालच कोकणातून बोट आली' म्हणालं तर हसून पुढचा प्रश्न विचारा.

कच्ची सुशी ॲपवरून मागवणं मी टाळते. दुपारी एक वाजता फेज थ्रीच्या रस्त्यावर दुचाकीच्या डब्यात ती किती वेळ तापत राहील याचा भरवसा नाही. कच्चं खायचं तर तिथे बसून, आल्या आल्या. गरोदर बायका, वयस्क माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्च्या भागाकडे जाऊच नये. त्यांच्यासाठी भाजलेला मासा, तेम्पुरा, शिजवलेला दोन आहेच.

माझ्या मालवणच्या मित्राने त्या दिवशी भाजलेल्या बांगड्याचं तेइशोकु घेतलं. मीठ लावून भाजलेला बांगडा, भात, सूप. "हे तर आमच्याकडचंच," म्हणाला, आणि आगळाची सोलकढी नाही म्हणून थोडा हळहळला. मी साल्मन घेतला, तोही चार प्रश्न विचारून. वेटरने दोन उत्तरं दिली, उरलेल्या दोनांसाठी तो आत जाऊन आचाऱ्याला घेऊन आला. आचारी अजिबात चिडला नाही. उलट खूश होऊन त्याने मासा कुठे आणि कसा ठेवतो ते समजावलं.

मासळी बाजारात आपण बिनधास्त म्हणतो, "मावशी, कल्ले दाखव." तिथे कुणाला लाज वाटत नाही, मावशीलाही राग येत नाही. मग एसी लागला, मेन्यूवर जपानी अक्षरं आली आणि बिलाचा आकडा वाढला की आपण एकदम गप्प का होतो? प्रश्न विचारला तर आपण गावंढळ दिसू असं वाटतं म्हणून? महाग जागा आहे म्हणजे मासा सुरक्षितच असेल, हे गृहीत धरणं खिशालाही परवडत नाही आणि पोटालाही. जो चांगलं करतो त्याला विचारलेलं आवडतं. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे तेम्पुरा खा आणि निघा.

पुढच्या भागात मिसो, इडली आणि आंबिल या तिन्हींमधलं आंबवणं समजून घेऊ. तोपर्यंत ऐकत राहा, आणि जेवणाआधी विचारत राहा.